'खुलासा संयुक्तिक वाटत नाही' एवढ्यावरच धान्य दुकान रद्द. थेट सर्किट बेंचकडे जाता येईल का?

पंचगंगाकाठ :
माझ्या आईच्या बचत गटाकडे 9 वर्षे रास्त भाव दुकान होते. तपासणीत दीड क्विंटल तांदळाची तफावत दाखवून कारणे दाखवा नोटीस आली. मागूनही पंचनाम्याची प्रत मिळाली नाही, तरी आम्ही पावत्या जोडून 7 पानी खुलासा दिला. आदेशात त्यावर 'खुलासा संयुक्तिक वाटत नाही' एवढी एकच ओळ आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने थेट रिट (सरकारी आदेशाविरुद्धची याचिका) दाखल करावी, असे घरच्यांचे मत आहे. न्यायालय तांदळाचा हिशेब तपासेल का?

करवीरचा वकील :
सहसा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली (रिटचा अधिकार) उच्च न्यायालय अपील अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही. टाटा सेल्युलर प्रकरणात (1994) सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे ते निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रिया तपासते, म्हणजे अधिकार होता का, म्हणणे ऐकले का, आणि कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका तो निर्णय अतर्क्य आहे का. तुमची बाजू भक्कम आहे ती नेमकी येथेच. ज्या पंचनाम्यावर कारवाई झाली तोच दाखवला नाही, आणि 'संयुक्तिक वाटत नाही' हा निष्कर्ष झाला, कारण नव्हे. ती कारणे कार्यालयाने उद्या प्रतिज्ञापत्रात भरली, तरी मोहिंदर सिंग गिल निकालानुसार आदेश मूळ मजकुरातील कारणांवरच टिकावा लागतो.

निवृत्त अव्वल कारकून :
वकीलसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण आधी अपील का केले नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल. व्हर्लपूल निकालाने (1998) नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असल्यास थेट येण्याची वाट मोकळी ठेवली आहे, तरी तिचा उपयोग करू द्यायचा की नाही हे न्यायालयच ठरवते. अपिलाची मुदत चालू असेल तर ती दवडू नका आणि सोबत स्थगितीचा अर्ज द्या, कारण एकदा शिधापत्रिका शेजारच्या दुकानाला जोडल्या गेल्या की ग्राहक परत आणणे जिकिरीचे होते. आदेश रद्द झाला तरी प्रकरण बहुधा फेरसुनावणीसाठी त्याच कार्यालयात परत येते. म्हणजे साठा नोंदवही तुम्हाला तेथे दाखवावीच लागेल. आणि आजच रोजनाम्याच्या (प्रकरणात कोणत्या तारखेला काय झाले याच्या कार्यालयीन नोंदीच्या) नकलेसाठी अर्ज करा. नोकरीत असताना मी पाहिले आहे, आदेशात न सापडणारी गोष्ट रोजनाम्यात सापडते.

पंचगंगाकाठ :
नक्कल मिळाली. सुनावणीच्या तारखेला 'उभय बाजू ऐकल्या, प्रकरण निर्णयासाठी बंद' अशी नोंद आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी साहेब दौऱ्यावर आहेत असे सांगून आईला दारातूनच परत पाठवले होते. तिने तसा अर्ज आवक टेबलावर दिला होता. शिक्क्याची पोच जपून ठेवली आहे.

करवीरचा वकील :
त्या पोचेच्या दोन छायाप्रती काढा आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका.