खाडीतले बारीक स्थानिक मासे : पकडावेत कसे, ओळखावेत कसे?

भाट्येकाठ

नमस्कार. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीकाठी मी अलीकडेच राहायला आले आहे. ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला उथळ पाण्यात जे बारीक मासे दिसतात ते निरखण्याचा मला नाद लागला आहे. निवट्या आणि बोईट एवढेच मला ओळखता येतात. बाकीचे सारे एकसारखे दिसतात. खाण्याच्या माशांविषयी मराठीत हवे तेवढे वाचायला मिळते, परंतु बोटभरही लांब नसलेल्या आणि बाजाराचे तोंड कधीच न पाहणाऱ्या माशांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. जाळी कोणती वापरावी, मासा न मारता त्याची ओळख पटू शकते का आणि यात कायद्याची काही आडकाठी आहे का, हे जाणकारांनी सांगावे. मासे घरी आणून पाळण्याचा विचार नाही.

सुकती

जाळीआधी एक गोष्ट मनात पक्की करा : समोरचा मासा जातीनेच लहान आहे की केवळ वयाने? कांदळाच्या मुळांमधले पाणी हे मोठ्या माशांच्या पिल्लांचे आश्रयस्थान असते आणि पिल्लांचा पेहराव बहुधा आईबापांपेक्षा निराळा असतो. तांबोशीच्या पिल्लाच्या अंगावर उभे फिकट पट्टे आणि गालावर निळसर रेघ असते, तर जिताड्याच्या पिल्लाच्या तोंडापासून पाठीकडे पांढरा पट्टा गेलेला असतो; बाजारातला मासा डोळ्यांसमोर ठेवून पाहिले, तर ही पिल्ले भलत्याच जातीची वाटतात.

याच्या उलट फसगतही होते आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या खाड्यांमध्ये जेमतेम दोन सेंटिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक असा एक मासा थव्याने राहतो. पिल्लांचा घोळका समजून सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात तो पूर्ण वाढलेला असतो. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली तत्कालीन मुंबई प्रांतातून त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यासाठी नवे कुळच मांडावे लागले होते. त्यांनी दिलेले नाव ‘होराइक्थिस सेतनाई’. आता तो ‘ओरायझियास’ या प्रजातीत (जीनसमध्ये) गणला जातो. नराच्या पोटाखालच्या, शेपटीकडच्या पराचे पुढचे काटे एकत्र येऊन लांबट अवयव झालेला असतो आणि त्याच्या साहाय्याने नर शुक्रपेशींची पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. मादीचा पोटाखालचा उजवा पर बहुधा नसतोच. भिंगातून पाहिल्यास ही खूण जिवंत माशातही दिसते, मात्र मासा क्षणभर स्थिर राहिला पाहिजे.

डासांच्या बंदोबस्तासाठी सोडलेले गप्पी आणि गंबुसिया हे परदेशी मासे खाडीच्या वरच्या, गोडसर पाण्यात पोहोचले आहेत. त्यांच्याही नराला तसाच अवयव असल्यामुळे घोटाळा होतो. फरक सोपा आहे : सेतनाईच्या त्या खालच्या पराचा पाया पोटापासून शेपटीपर्यंत लांबच लांब असतो, गप्पीचा आखूड.

आता साधनांविषयी. पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) इथे कामाचा नाही, कारण तो मुळांत अडकून फाटतो आणि हे मासे त्याच्या डोळ्यांतून आरामात निसटतात. बारीक विणीच्या कापडाची लहान हातजाळी घ्यावी, काठालगत हातभर ओढावी आणि पाण्याबाहेर न काढता तिच्याखाली पसरट भांडे सरकवावे. तिथून मासा अरुंद काचपेटीत घ्यावा. दोन काचांमध्ये जेमतेम बोटभर अंतर असले की मासा वळू शकत नाही आणि बाजूचा स्वच्छ फोटो मिळतो. मागे आलेखाचा कागद लावला तर लांबीही कळते. गोबी कुळातला मासा असेल तर तो काचेला पोटाने चिकटून बसतो, कारण त्याचे पोटाखालचे दोन्ही पर जुळून एक वाटी झालेली असते. तुमच्या निवट्याही याच गटातल्या. काचेच्या पलीकडून ती वाटी एकदा दिसली की कुळाविषयी फारशी शंका उरत नाही. जातीच्या नावाची घाई करू नये. आधी कुळ ठरवावे, मग फिशबेस या माशांच्या माहितीच्या संकेतस्थळावर त्या कुळातल्या आपल्या किनाऱ्यावरच्या जाती पाहाव्यात. फोटो काढून झाले की मासा जिथून घेतला त्याच जागी सोडावा, दुसऱ्या खाडीत नव्हे.

वेंगुर्लेकर

वेळेचा हिशेब मी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा जुना ठोकताळा आजही चालतो. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सुकती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते, आणि पाणी सर्वांत दूर जाते तेही याच दिवसांत. ठिकाणानुसार वेळ थोडी बदलते, म्हणून सरकारी भरती-ओहोटीचे तक्ते जवळ ठेवावेत. पावसाळ्यात खडकांवर जाऊ नये. चिखलात अनवाणी तर मुळीच उतरू नये. शेंगटीचा काटा विषारी असतो.

खाडीपुरतेच का थांबता? रापण (किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे) ओढून झाली की वाळूवर उरलेला बारीक मासा पाहायला मिळतो. त्यात अंग फुगवणारे केंड असतात, आणि अंगावर तीन वाकड्या काळ्या रेघा असलेला टेरापॉनही असतो. रापणकरांना विचारून, त्यांचे काम आटोपल्यावर पाहावे. त्यांना माशांची जी नावे ठाऊक असतात ती लिहून घ्या, पण गावागणिक नाव बदलते हे ध्यानात असू द्या.

खारफुटी

कायद्याबाबत थोडक्यात. समुद्रघोडा आणि त्याच्या कुळातले नळीसारख्या तोंडाचे लांबट मासे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. जाळीत आले तर लगेच सोडून द्यावेत, हौसेने वाळवून ठेवू नयेत. १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात परवानगीविना काहीच गोळा करू नये. कांदळवन अनेक ठिकाणी राखीव वन आहे, तेव्हा आत शिरण्यापूर्वी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांशी बोलून घेणे शहाणपणाचे.

काही गोबींची जात नमुना हातात असल्याशिवाय ठरत नाही, हे खरे आहे. तरीही नमुने टिकवण्याचे फॉर्मॅलिन हे रसायन घरी हाताळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या वाफा घातक असतात, आणि तारीख-ठिकाण न लिहिलेल्या बाटलीतल्या माशाचा कोणालाच उपयोग नसतो. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय तुमच्या जवळच आहे, तिथे आधी विचारावे.

भाट्येकाठ

सर्वांचे आभार. काचपेटी करून पाहिली. एक पारदर्शक मासा सापडला आहे, पण त्याचे शरीर उंच व चपटे असून पाठीवर दोन पर दिसतात. हाच सेतनाई का?

सुकती

नाही. सेतनाईच्या पाठीवर एकच इवलासा पर असतो आणि तोही पार शेपटीजवळ. तुमचा मासा अँबासिस या प्रजातीतला असावा. त्याच्या पाठीवरच्या पहिल्या पराला सात टणक काटे असतात, आणि पराच्या अगदी पुढे एक आडवा काटा डोक्याकडे रोखलेला असतो. फोटो मोठा करून तो दिसतो का ते पाहा. जात ठरवण्यासाठी मात्र अंगावरची बाजूची रेषा सलग आहे की मधे तुटलेली, आणि गालाच्या हाडाची कड कुठे दातेरी आहे, हे कळावे लागेल. त्यासाठी तिरप्या उन्हात, डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आणखी एक फोटो काढून इथे द्यावा.