मदत हवी आहे: काजवे छान आलेत, पण आकाशाचं काय करू?

नमस्कार मंडळी, परवा भंडारदऱ्याला काजवे टिपायला गेलो होतो. ट्रायपॉडवर २४ एमएम, एफ १.८, आयएसओ १६००, प्रत्येकी ३० सेकंदांचे ४२ फोटो. फोटोशॉपमध्ये लायटन मोडवर (प्रत्येक ठिकाणी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ ठिपका ठेवणारा) एकत्र केले. हिरड्याचं झाड लखलखतंय, पण मागे चांदण्यांच्या तुटक रेघा आल्यात, धावदोरा घातल्यासारख्या! लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबून दाणे कमी करतो, ती सोय) बंद करायचं राहिलं, त्याचाच हा प्रताप ना? शिवाय सात-आठ फ्रेममध्ये गाड्यांचे हेडलाइट घुसलेत. (काजवे बघायला येऊन दिवे कशाला लावतात देव जाणे.) आकाश एकाच फ्रेममधून घेऊन मास्क केला (म्हणजे बाकीचा भाग झाकला), तर वाऱ्याने हललेल्या पानांच्या कडेला पांढुरकी किनार दिसते. ती कशी घालवता? पुढच्या शनिवारी परत जातोय, तेव्हा काढतानाच काय बदलू?