घरी चांगली कॉफी करायला काय घ्यावं? फिल्टर, मोका पॉट की फ्रेंच प्रेस (आणि पावडर कुठली)

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहते, घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी लेक. आमच्याकडे इतकी वर्षं कॉफी म्हणजे दूध उकळायचं, इन्स्टंट पावडर नि साखर घालायची, वर जायफळ किसायचं आणि कपात ओतायची. मागच्या महिन्यात माटुंग्याला नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं, तिथे सकाळी सकाळी स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी दिली आणि खरं सांगते तेव्हापासून घरच्या कॉफीत मन लागत नाहीये. वासच वेगळा होता तो.

आता अडचणी सांगते. मला सकाळी ठाण्याहून ७ च्या आसपासची लोकल धरायची असते, म्हणजे साडेसहाला घर सोडते, त्यामुळे कॉफीला दहा मिनिटांच्या वर वेळ नाही. नवरा काळी, बिनसाखरेची पितो (त्याचं कोलेस्टेरॉल थोडं वर आहे म्हणून दूध कमी केलंय). सासूबाईंना जायफळ हवंच. घरात पाइपचा गॅस आहे आणि एक इंडक्शन पण आहे. बजेट सगळं मिळून तीनेक हजार.

दोन वर्षांपूर्वी एक इलेक्ट्रिक कॉफी मेकर घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही, त्याचं काचेचं भांडं सहा महिन्यांत तडकलं आणि नुसतं भांडं कुठेच मिळेना, मशीन अजून माळ्यावर पडून आहे. तो पैसा वाया गेल्याचं अजून वाईट वाटतं म्हणून यावेळी विचारून घेतेय. आणि ते पाकिटावर ८०:२० वगैरे लिहिलेलं असतं ते नेमकं काय?

डिकॉक्शन

ताई, तुमचं उत्तर तुम्हीच दिलंय, जी आवडली ती फिल्टर कॉफी होती तर फिल्टरच घ्या 🙂 मी नेरूळला वाढलो, शेजारी तमिळ कुटुंब होतं, त्या मामींच्या स्वयंपाकघरात उभं राहून शिकलोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

स्टीलचा दोन मजली फिल्टर असतो, वरच्या भांड्याला खाली बारीक भोकं, खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमा होतं. चार माणसांसाठी मध्यम आकाराचा घ्या, पाचशेच्या आत मिळतो आणि त्यात मोडण्यासारखं काही नाही, मामींचा फिल्टर त्यांच्या लग्नातला होता. पितळेचेही मिळतात, दिसायला सुंदर, पण आतून कल्हई नीट आहे ना ते बघावं लागतं, रोजच्या घाईला स्टीलच बरं.

करायचं कसं: वरच्या भांड्यात चार मोठे चमचे पावडर, हलक्या हाताने सपाट करायची. ती छत्रीसारखी दांडीवाली चकती येते ती वर नुसती ठेवायची, दाबून बसवायची नाही, नवीन माणूस इथेच चुकतो, दाबली की पाणी उतरतच नाही. मग उकळी फुटून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी आधी थोडंसं, पावडर भिजण्यापुरतं, आणि मग बाकीचं भांडं भरेपर्यंत. झाकण लावा आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांत बसत नाही, बरोबर, म्हणून रात्री झोपताना लावून ठेवायचं! सकाळी दूध कडकडीत तापवायचं, पेल्यात आधी डिकॉक्शन, मग दूध, मग साखर. तीन मिनिटांचं काम. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर उकळू नका, कडू होतं, गरम दुधानेच ते गरम होतं. फ्रिजमधे एक दिवस राहतं, त्याच्या पुढे मी ठेवत नाही.

८०:२० म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफीन अजिबात नसतं, पण रंग गडद येतो, डिकॉक्शन दाट होतं आणि दुधात चव टिकून राहते. लोक तिला भेसळ म्हणतात ते मला पटत नाही, ती दक्षिणेतल्या कॉफीची चवच आहे. मात्र स्वस्त पाकिटात ती फार असते, कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, तेव्हा मागची बाजू वाचून घ्या. सुरुवात ८०:२० ने करा.

ब्रँड: कोथास आणि बायर्स हे बंगळुरूचे, लिओ चेन्नईचा, नरसूज सेलमचा. मला स्वतःला कोथास आवडतो, दूध घातल्यावर फार छान लागतो. पण माटुंग्याला परत जाणं झालं तर स्टेशनच्या पूर्वेला म्हैसूर कन्सर्न्समधे जा, तिथे बिया तुमच्यासमोर दळून देतात. प्लँटेशन ए आणि पीबेरी (बियांचे हे दोन प्रकार) निम्मं निम्मं, त्यात चिकोरी किती ते तुम्ही सांगायचं. पाव किलोच घ्या. ठाण्याला परतताना अख्ख्या डब्यात वास येतो.

कळवाकर

फिल्टर मस्तच पण घाईच्या माणसाला मी मोका पॉट सांगेन. माझ्याकडे सहा वर्षं आहे आणि रोज सकाळी पहिला गॅस त्याच्यासाठीच पेटतो. १९३३ सालची इटलीची कल्पना, बियालेत्ती म्हणून कंपनी आहे त्यांनी काढली. खाली पाणी, मधे पावडरची चाळणी, वर कॉफी. पाणी तापलं की वाफेच्या दाबाने वर चढतं आणि पावडरीतून जातं. पाच-सहा मिनिटांत कडक दाट कॉफी, जवळपास डिकॉक्शनसारखीच, त्यात दूध घाला नाहीतर पाणी, म्हणजे दादांची काळी कॉफी पण त्यातच होते.

तीन गोष्टी सांभाळा. पाणी त्या छोट्या वाफेच्या झडपेच्या खालीच ठेवायचं. पावडर दाबायची नाही. आणि आच मंद, वर फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचं, तिथे अर्धा मिनिट जास्त ठेवलं की जळकी चव येते आणि मग लोक म्हणतात मोका पॉटची कॉफी कडवट असते. मी खाली आधीच गरम केलेलं पाणी घालतो, पावडर कमी वेळ तापते.

महत्त्वाचं, इंडक्शन आहे म्हणालात ना, अॅल्युमिनियमचा मोका पॉट इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचा घ्यावा लागतो आणि तोही बूड लहान असेल तर काही शेगड्या ओळखत नाहीत. तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे तर गॅसवरच करा, बर्नरवर पडत असेल तर जाळीचा स्टँड मिळतो भांड्यांच्या दुकानात. चिकोरीवाली पावडर यात घालू नका, चाळणी चोंदते. शुद्ध कॉफी घ्या, फिल्टरपेक्षा किंचित जाड, रव्याहून बारीक.

नौपाड्याची मावशी

जायफळाची कॉफी म्हणजे खरी कॉफी नाही असं कुणी म्हणायच्या आत मी लिहून टाकते. आमच्या घरी पाहुणा आला की चहा, पण दुखलं-खुपलं, रात्रीचं जागरण किंवा एकादशीचा उपास असला की कॉफी, आणि ती जायफळाचीच. माझ्या आईच्या हातची आठवते मला, पितळेच्या पातेल्यात दूध, सहाणेवर उगाळलेलं जायफळ. सासूबाईंची कॉफी मोडू नकोस गं.

फिल्टर आणलास तरी जायफळ सोडायचं कारण नाही, मी दोन्ही करते. दूध तापवतानाच त्यात जायफळ घालायचं, चार कपांना दोन-तीन वेळा किसणीवर फिरवलं की पुरे, जास्त झालं तर कडसर लागतं आणि गुंगीही येते. दोन वेलदोडे ठेचून. मग ते दूध डिकॉक्शनवर ओतायचं. फक्त यासाठी चिकोरी कमी असलेली पावडर घे, चिकोरीचा आणि जायफळाचा दोघांचा वास भांडतो, मी ८५:१५ वर आलेय. आणि साखर घालताना चिमूटभर गूळ घालून बघायचा मोह आवर, गरम दूध फाटू शकतं, माझं फाटलंय. जायफळ अख्खंच आण, पूड नको. आमचं दापोलीकडून येतं, जावेच्या वाडीत नारळ-पोफळीत दोन झाडं आहेत, एक फळ डब्यात तीन-चार महिने पुरतं.

ऐरोली सेक्टर ८

वरची सगळी उत्तरं यंत्राबद्दल आहेत, माझं म्हणणं जरा वेगळं आहे. यंत्र कुठलंही घ्या, पावडर शिळी असेल तर काही उपयोग नाही. कॉफी भाजल्यापासून वास उडायला लागतो आणि दळल्यावर तर फार भराभर उडतो, कारण हवा लागायला पृष्ठभाग कितीतरी वाढतो. सुपरमार्केटच्या पाकिटावर बहुतेक वेळा पॅकिंगची तारीख असते, भाजल्याची नाही. ब्लू टोकाई, अराकू यांच्यासारख्या कंपन्यांकडून मागवताना भाजल्याची तारीख बघा आणि तुमचं यंत्र कुठलं ते निवडा, त्याप्रमाणे दळून पाठवतात. ब्लू टोकाईची अट्टिकन इस्टेट मी वर्षभर पितोय, मध्यम-गडद भाजलेली, काळी प्यायला उत्तम. अराकू आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली, आदिवासी शेतकरी पिकवतात, चव हलकी आणि थोडी फळासारखी, दुधात मात्र ती हरवते. दुधासाठी मॉन्सून्ड मलबार बघा, मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बिया पसरून ठेवतात, त्या फुगतात, पिवळट होतात आणि आंबटपणा जवळजवळ जातो.

आता दादांच्या कोलेस्टेरॉलबद्दल, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. कागदाचा फिल्टर तो बऱ्यापैकी अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. म्हणजे फ्रेंच प्रेस (भांड्यात पावडर भिजवून धातूच्या जाळीने खाली दाबायची) रोज तीन-चार कप हे त्यांच्यासाठी बरं नाही. माझ्या वडिलांचं एलडीएल वाढलं तेव्हा आम्ही फ्रेंच प्रेस बंद करून व्ही ६० आणला, साधं शंकूसारखं भांडं, त्यात कागद ठेवायचा, प्लास्टिकचं स्वस्तात मिळतं. पंधरा ग्रॅम मध्यम जाड पावडर, अडीचशे मिली पाणी, आधी थोडं ओतून अर्धा मिनिट थांबायचं मग हळूहळू गोल गोल. तीन मिनिटांत कप तयार. कागद मात्र सतत आणत राहावे लागतात तो खर्च धरा. डॉक्टरांशी एकदा बोलून घ्याच.

पावसाळ्याचं पण सांगतो, आपल्या खाडीकाठी जून ते सप्टेंबर पावडर दगड होते. फ्रिजमधे ठेवून रोज काढघाल करू नका, बाहेर काढल्यावर डब्याला घाम येतो तोच आत जातो. लहान हवाबंद डबा, ओट्यापासून लांब, कोरडा चमचा, आणि एकावेळी पंधरा दिवसांचीच पावडर.

डिकॉक्शन

ऐरोलीकर, ताज्या पावडरीचं शंभर टक्के मान्य, म्हणूनच पाव किलो म्हणालो. फक्त चिकोरीवाल्या कॉफीला दोन-तीन आठवडे फारसा फरक पडलेला मला जाणवलेला नाही.

ठाणेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दहा दिवसांनी लिहितेय. जांभळी नाक्याजवळच्या भांड्यांच्या गल्लीतून स्टीलचा फिल्टर आणला आणि नवऱ्यासाठी प्लास्टिकचा व्ही ६० मागवला, दोन्ही मिळून बजेटच्या निम्म्यातही झालं. रविवारी दुपारी माटुंग्याला जाऊन पाव किलो पावडर दळून आणली, पीबेरी आणि प्लँटेशन, चिकोरी मावशींच्या सांगण्यावरून १५. दुकानदाराने विचारलं कशासाठी हवीये, फिल्टर म्हटल्यावर तसं दळून दिलं.

पहिल्या रात्री मी चकती दाबली, जे करू नका म्हणालात तेच, सकाळी वर सगळं पाणी तसंच. दुसऱ्या दिवसापासून जमतंय. सासूबाईंनी जायफळ घालून घेतली, पहिला घोट घेऊन गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, उद्या माझ्यात थोडं जास्त घाल ते काळं. लेक परीक्षेचा अभ्यास करताना रात्री स्वतः फिल्टर लावते आता.

एकच अडचण. कालपासून डिकॉक्शन फार हळू उतरतंय, चकती नुसती ठेवलीये, पावडर तीच. भोकं चोंदली असतील का? घासून घासून थकले.

नौपाड्याची मावशी

चोंदलीच असणार. वरचं भांडं एकटं घे, उपडं नाही, सरळच, चिमट्यात धरून बुडाकडून मंद गॅसवर फिरव. अडकलेली पूड जळून राख होते, थोडा धूर येईल, खिडकी उघडी ठेव. पूर्ण गार झालं की जुन्या टूथब्रशने खालून घास आणि उजेडासमोर धरून बघ, सगळी भोकं दिसली पाहिजेत. सुई घालू नकोस, भोकं मोठी होतात आणि मग पूड खाली येते. महिन्यातून एकदा केलं की पुरतं.