‘हॅव’ या क्रियापदाचे ‘हॅविंग’ रूप केव्हा चालते?

प्रश्न : दांडियाबाजारकर
माझा भाचा वडोदऱ्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. निबंधात त्याने लिहिलेले ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य बाईंनी खोडले. मात्र त्याच पानावरचे ‘वी वेअर हॅविंग लंच’ बरोबर ठरले. स्थितिदर्शक क्रियापदाला हे रूप चालत नाही, असे मी त्याला सांगितले. त्यावर ‘मग जेवणाच्या वाक्यात कसे चालले?’ असे त्याने लगेच विचारले. मराठी घरातल्या मुलाला हा भेद कशाच्या आधारे समजवावा?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, रावपुरा
आधी त्याला तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगावे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘घराला तीन दारे आहेत’, ‘त्याला ताप आहे’ या वाक्यांत आपण कधी ‘ला’ लावतो, कधी ‘कडे’ योजतो, पण क्रियापद ‘असणे’ हेच राहते आणि ते भाऊ, सायकल, दारे यांच्याप्रमाणे चालते. इंग्रजी मात्र ज्याचे आहे त्यालाच कर्ता करून या सगळ्या ठिकाणी ‘हॅव’ वापरते. मराठीत नुसत्या ‘आहे’वर भागत असेल, तर ‘हॅविंग’ नको. याउलट ‘आम्ही जेवत होतो’, ‘ती चहा घेते आहे’ या वाक्यांत कृती चालू आहे, म्हणून तेथे ते शोभते. ‘मला त्रास होतो आहे’ यातही काही घडते आहे. त्यामुळे ‘आय ॲम हॅविंग ट्रबल’ हे शुद्धच आहे.

उत्तर : सूरसागरकाठचा वाचक
ही कसोटी चांगली आहे, पण दुखण्यांच्या बाबतीत ती दगा देते. ‘माझे डोके दुखते आहे’ असे आपण म्हणतो, म्हणून मुले ‘आय ॲम हॅविंग अ हेडेक’ लिहितात, आणि प्रमाण इंग्रजीत तेथे ‘आय हॅव अ हेडेक’ असे हवे. आजारांची नावे वेगळी पाठ करून घेणे बरे. तसेच ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला तान्हे मूल आहे, तर ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ते अजून व्हायचे आहे.

उत्तर : अनुवादक, मांडवी
मूळ प्रश्नाला लागूनच आहे म्हणून ‘हॅव टू’बद्दल लिहितो. ‘मला जायचे आहे’ या वाक्यात जाण्याची इच्छा आहे की सक्ती, हे संदर्भावाचून कळत नाही. ‘आय हॅव टू गो’मध्ये मात्र सक्तीच आहे, म्हणून त्याचे मराठी ‘मला जावे लागेल’ असेच करावे. आपल्याकडची मुले गुजरातीत ‘मारे जवुं पडशे’ सहज बोलून जातात, त्यांना एवढा इशारा पुरतो. खरी फसगत नकारात होते. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ याचा अर्थ ‘येऊ नकोस’ असा नसून ‘आला नाहीस तरी चालेल’ असा आहे. ‘येता कामा नये’ म्हणायचे असेल तर ‘मस्ट नॉट’ हवे. या अर्थाने बोलताना ‘व’चा ‘फ’ होऊन ‘हॅफ्टू’ असे ऐकू येते.

दांडियाबाजारकर
सर्वांचा आभारी आहे. भाच्याची आणखी एक शंका आहे : ‘आय हॅड माय हेअर कट’ आणि ‘आय हॅड कट माय हेअर’ यांत केवळ शब्दांची अदलाबदल आहे का?

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
नाही. पहिल्या वाक्यात त्याने न्हाव्याकडून केस कापून घेतले, तर दुसऱ्यात त्याने स्वतःच कात्री चालवली होती, आणि तीही भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी. त्यामुळे दुसरे वाक्य सहसा एकटे येत नाही. ‘आई घरी येण्यापूर्वी’ असे काहीतरी त्याच्या सोबतीला असावे लागते.