समुद्राचा सामू ८.१ असताना शिंपल्यांना आम्लाचा धोका कसा?

शाळामास्तर (तासगाव तालुका) :

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या आठवीतील एका विद्यार्थिनीने यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून आणलेले दोन शिंपले दोन बरण्यांत ठेवले होते. एका बरणीत साधे पाणी होते, दुसरीत व्हिनेगर. व्हिनेगरमधल्या शिंपल्यावर लगेच बुडबुडे आले आणि चार दिवसांत तो इतका पातळ झाला की बोटाने दाबताच तुटला. फलकावर तिने लिहिले होते, 'समुद्र आम्लधर्मी होत आहे, शिंपले विरघळत आहेत.'

परीक्षकांनी तिला समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) विचारला. तिने ८.१ असे अचूक उत्तर दिले. 'सातच्या वर आहे, म्हणजे पाणी आम्लारिधर्मी झाले. मग आम्लच नसेल तर शिंपला विरघळेल कशाने?' या पुढच्या प्रश्नावर ती गप्प झाली, आणि खरे सांगायचे तर तिच्यामागे उभा असलेला मीही गप्पच झालो. परीक्षकांचा प्रश्न रास्त होता, म्हणून राग नाही. पण मुलीला उत्तर द्यायचे राहिले आहे.

दुसरी शंका घरगुती आहे. माझी थोरली बहीण रत्नागिरीला भाट्याच्या खाडीजवळ राहते. कालवे आणि तिसऱ्या (हे खाण्याचे शिंपले) पूर्वीसारख्या मिळत नाहीत, असे ती दरवर्षी सांगते. त्याचे कारण हेच आम्लीकरण असू शकेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

बागायतदार (कवठेमहांकाळ) :

सर, समुद्राचे मला काही कळत नाही. वर्षातून एकदा मासे खायला रत्नागिरीला जातो, तेवढाच काय तो संबंध. पण सामू ८.१ आणि चुना ही जोडी आम्हा द्राक्षवाल्यांच्या रोजच्या ओळखीची आहे. माझ्या चुनखडीच्या रानात मातीचा सामू ८.२ आहे. तो उतरावा म्हणून मी तीन वर्षे गंधक टाकले, तरी परीक्षणाच्या अहवालातला आकडा जागचा हलला नाही. तेव्हा माती तपासणाऱ्यांनी मला समजावले की गंधकापासून आम्ल तयार होते, ते मातीतल्या मुक्त चुन्यावर खर्च होते आणि चुना शिल्लक आहे तोवर सामू फारसा उतरत नाही. आकडा स्थिर दिसतो, पण चुना झिजतच असतो.

समुद्रातही असेच होत असणार, असा माझा तर्क आहे. सामू किती उतरला यापेक्षा तो तिथे राखण्यासाठी पाण्यातले काय खर्च झाले, हे पाहायला हवे. पुढचे शिकलेल्या माणसांनी सांगावे.

मिरजकर :

बागायतदारांनी मर्मावर बोट ठेवले आहे. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. आता मिरजेत वेगळाच व्यवसाय करतो, तरी हा विषय सुटलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी शब्दाविषयी. कोयनेची पातळी दहा फुटांनी उतरली म्हणजे धरण कोरडे पडले, असा अर्थ कोणी घेत नाही; पाणी उतरते आहे, एवढाच घेतात. 'आम्लीकरण' हा शब्दही असाच दिशा सांगणारा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो सुमारे ३१५ होता आणि आता ४२० च्या वर गेला आहे. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचे सौम्य आम्ल होते आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या पाण्याचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक ०.१ चा असल्याने किरकोळ वाटतो. परंतु सामूची मोजपट्टी दसपटीची आहे, त्यामुळे या एका दशांशात हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात.

हे वाढलेले हायड्रोजन आयन जाऊन शिंपला कुरतडतात, असे चित्र डोळ्यांसमोर येते. आजच्या उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर ते खरे नाही. हे आयन आधी गाठतात ते पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटला आणि त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. समुद्रात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग आधीच बायकार्बोनेटच्या रूपात असतो, कार्बोनेट जेमतेम दहावा हिस्सा. कॅल्शियमची समुद्रात ददात नाही. लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ते असते. तुटवडा पडतो तो कार्बोनेटचा. पाया खणून झाला आहे, वाळू आली आहे आणि सिमेंटच्या गोणी मात्र रोज थोड्या कमी येत आहेत, अशी ही गत आहे.

आता ही घरे बांधतो कोण, ते पाहू. मोठे कालव सहजासहजी मरत नाही. त्याचा जाड शिंपला बहुतांशी कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या तुलनेने टिकाऊ रूपाचा असतो. खरी नाजूक वेळ जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांची. अंडे फळल्यापासून साधारण ४८ तासांत कालवाचे डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेले पिल्लू, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचा पहिला शिंपला तयार करते आणि तेवढ्या वेळात त्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या घरातला भाग चुनाच होऊन बसतो. हा शिंपला अ‍ॅरागोनाइटचा असतो, जो कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. या काळात डिंभकाला स्वतःचे अन्न खाता येत नाही. आईने अंड्यात दिलेल्या शिदोरीवरच सारे भागवावे लागते. पाण्यात कार्बोनेट कमी असले की तोच शिंपला बांधायला जास्त शक्ती खर्ची पडते, शिदोरी लवकर संपते आणि खाणारे अवयव तयार होण्याआधीच पिल्लू मरते. पाणी अजून शिंपला विरघळवण्याइतके बिघडलेले नसतानाही हे घडू शकते. माझ्या मते तुमच्या परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे.

हे नुसते पुस्तकी नाही. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी व्हिस्की क्रीक नावाचे कालवांचे बीज तयार करणारे केंद्र आहे. २००७-०८ च्या सुमारास तेथील डिंभके टाक्याच्या टाक्या मरू लागली. पहिला संशय जिवाणूंवर गेला आणि पाणी गाळून निर्जंतुक करण्याची व्यवस्था झाली, तरीही मर थांबली नाही. पाण्याची रासायनिक मोजणी झाली तेव्हा उलगडा झाला. विशिष्ट दिशेचे वारे सुटले की त्या किनाऱ्यावर खोलातले थंड पाणी वर येते. त्यात सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा कार्बन डायऑक्साइड मुळातच साठलेला असतो आणि त्यात हवेतून आलेल्या जादा वायूची भर पडली होती. उपाय निघाला तो अगदी घरगुती म्हणावा असा : टाकीत येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून सोडायचा. शिवाय सकाळऐवजी दुपारी पाणी भरायचे, कारण तोवर शेवाळ-वनस्पतींनी उन्हात कार्बन डायऑक्साइड वापरून सामू वर नेलेला असतो.

सगळ्या कवचधारी जिवांचे सारखेच हाल होतात, असेही समजू नये. अमेरिकेतील वुड्स होल सागरी संशोधन संस्थेतील संशोधकांनी १८ जातींना जादा कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवून केलेले प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कालवे आणि काही तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची कवचबांधणी मंदावली, निळ्या शिनाण्यावर विशेष परिणाम दिसला नाही, तर खेकडा, लॉब्स्टर आणि कोळंबी यांनी उलट अधिक जाड कवच केले.

बागायतदार (कवठेमहांकाळ) :

धुण्याच्या सोड्याचे वाचून गंमत वाटली. बेदाणा करताना आम्ही द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतो. उद्देश वेगळा, साल लवकर सुकावी हा. कार्बोनेटचे पोते तिकडे कालवांच्या पिल्लांना जगवत असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

पाटणकर :

मास्तरांच्या बहिणीच्या प्रश्नाकडे सगळ्यांचे दुर्लक्ष झाले आहे. मी पाटणचा, आणि मला या आम्लीकरणाच्या चर्चेविषयी एक तक्रार आहे. खाडीतले काहीही कमी झाले की हल्ली कोणीतरी 'हवामानबदल' म्हणून मोकळे होते. आमच्या कोयनेचे पाणी वीज तयार करून पोफळीकडून वाशिष्ठीत सोडले जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवलेली त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडचे एवढे गोडे पाणी पश्चिमेच्या एका खाडीत जाते, तिथे शिंपल्यांवर काय परिणाम होतो हे आधी का विचारू नये? भाट्याला कोयनेचे पाणी जात नाही हे मला ठाऊक आहे, पण तिथेही वाळूउपसा, सांडपाणी, बेसुमार वेचणी ही कारणे असू शकतातच.

मिरजकर :

पाटणकरांची तक्रार मला बव्हंशी मान्य आहे. खुल्या समुद्रात सामू ०.१ ने उतरायला दीडशे-दोनशे वर्षे लागली. खाडीत त्याहून मोठा चढउतार एका दिवसात होतो. दिवसा शेवाळे कार्बन डायऑक्साइड वापरतात, रात्री सगळे जीव श्वासातून तो सोडतात, आणि कांदळवनाचा पालापाचोळा चिखलात कुजतो तेव्हाही तो तयार होतो. पावसाळ्यात नदीचे पाणी आले की कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही पातळ होतात, म्हणजे गोड्या पाण्याचा प्रश्न शिंपल्याच्या रसायनापासून वेगळा काढता येत नाही.

खाडीतले कालव अशा वेळी तोंड घट्ट मिटून बसते. बंद शिंपल्यात त्याच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि शरीरातली आम्लता वाढते. ती शमवण्यासाठी ते आपल्याच शिंपल्याचा आतला थर थोडा विरघळवते. घराच्या भिंतीचा चुना काढून औषध करावे, तसे हे आहे. काही तासांसाठी हे परवडते, पण दिवसेंदिवस तसेच राहावे लागले तर झीज भरून काढायला पुन्हा कार्बोनेटच लागते.

एक भर मात्र घालतो. पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात अरबी समुद्राच्या खोलातले कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. जिथे प्राणवायू श्वसनात खर्च झालेला असतो, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. म्हणून ऑरेगॉनची गोष्ट आपल्याला सर्वस्वी परकी नाही. तरीही भाट्याची कालवे कशाने कमी झाली हे सांगायचे तर तिथल्या पाण्याचा सामू, आम्ल शमवण्याची क्षमता आणि क्षारांचे प्रमाण भरती-ओहोटीला, सकाळ-संध्याकाळ, काही वर्षे सलग मोजलेले हवे. ताईंना एवढेच विचारा की मोठी कालवे मेलेली सापडतात, की खडकावर नवी बारीक कालवे धरतच नाहीत. दुसरे घडत असेल तर बीजाच्या अवस्थेकडे पाहावे लागेल.

शाळामास्तर (तासगाव तालुका) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीला काल दूरध्वनी केला. नवी कालवे धरतात, पण मोठी होण्याआधीच लोक खरवडून नेतात, असे ती म्हणाली. म्हणजे निदान तिच्या खडकापुरता तरी पाटणकरांचा संशय योग्य दिसतो.

आता प्रयोगाविषयी. जिल्हा पातळीवर पुन्हा मांडणी करायची आहे. व्हिनेगर वगळावे का?

मिरजकर :

वगळू नका, पण त्याच्यावर 'समुद्र' अशी चिठ्ठी लावू नका. व्हिनेगरचा सामू तीनच्याही खाली असतो. समुद्राशी तुलना करता आम्लता लाखपटीहून अधिक झाली. ती बरणी 'शिंपला चुन्याचा असतो' एवढेच दाखवते, असे लिहा.

मुख्य जागा चुन्याच्या निवळीला द्या. नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, इथवर सगळ्या शाळा थांबतात. तुम्ही फुंकत राहा. काही वेळाने दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा नितळ होते, कारण जादा कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट केलेले असते. व्हिनेगरचा थेंबही न घालता, नुसत्या श्वासाने चुना दिसेनासा झाला, हे परीक्षकांना प्रत्यक्ष दाखवता येईल.

बागायतदार (कवठेमहांकाळ) :

सर, रत्नागिरीहून एक कॅन समुद्राचे पाणी मागवा. सामूच्या कागदी पट्टीवर एका दशांशाचा फरक दिसत नाही, त्यासाठी माझा फवारणीच्या पाण्याचा सामूमापक घेऊन जा. शिंपल्याचे वजन आधी आणि नंतर करायचे असेल तर विट्याकडच्या एखाद्या गलाईवाल्याचा (सोने-चांदी गाळणाऱ्याचा) सोन्याचा काटा मिळाला तर पाहा; शाळेच्या तराजूला तेवढी घट कळायची नाही.