काउंटरटेनरचं स्ताबात मातेर: आवाज पोकळ का वाटतो, आणि ऐकायचं कसं?

जिवाजी_चौक

इटालियन संगीतकार विवाल्डीचं स्ताबात मातेर (क्रुसाजवळच्या मरियेच्या शोकाचं लॅटिन स्तोत्र), आरव्ही 621 (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावलंय. गाणारा काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारा पुरुष. ख्यालाला सरावलेल्या कानाला ते बसत नाहीये, आणि दोष कानाचा, स्पीकरचा की रेकॉर्डिंगचा हे ठरत नाही.

आवाज सुरेल आहे पण पोकळ, अधांतरी. ग्वाल्हेर गायकीतल्या खुल्या आकाराला जी बैठक असते ती सापडत नाही. लॅटिनमधला प्रत्येक 'स' टोचतो. तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज शोधला तर तो हार्मोनियमच्या पांढरी तीनला येतो, माहितीत मात्र एफ मायनर लिहिलंय, म्हणजे पांढरी चार हवी. बरं, पांढरी तीन लावली तरी अर्ध्या मिनिटात तानपुरा आणि गाणं भांडायला लागतात. चौथा तुकडा हुबेहूब पहिल्यासारखा वाजतो. फाइल दोनदा चढलीय का? आणि हा खोटा आवाज म्हणायचा, की बालगंधर्वांसारखं काही?

खर्ज_आधी

तानपुरा आधी बंद करा. बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळही तिथेच आहे.

आपल्याकडे जमीन स्थिर असते आणि स्वर तिच्यावर हिंडतात. इथे जमीनच चालते. चेलो, व्हिओलोने (त्याहून मोठं, खर्जाचं गजवाद्य), थिओर्बो (लांब मानेचं छेडायचं तंतुवाद्य), ऑर्गन मिळून जी खालची ओळ वाजवतात तिला कंटिन्युओ म्हणतात, आणि गायकाच्या सुराचा अर्थ ती ओळ त्या क्षणी कुठे आहे यावर ठरतो. गायक पंचमावर उभा आहे आणि खाली चेलो षड्जावर: गोड. चेलो मध्यमावर सरकला, गायक हललाच नाही: आता प आणि म घासतात. मग गायक सावकाश मध्यमावर उतरतो आणि घर्षण मिटतं. या संगीतातली करुणा बहुतेक या 'धरून ठेवणं, घासणं, उतरणं' यातून येते. स्थिर षड्जाचा तानपुरा त्यात मिसळला की कुठलं घर्षण रचनेतलं आणि कुठलं तुम्ही घातलेलं, काही कळणार नाही.

आता पोकळपणाकडे. या रचनेचा मुख्य सूर एफ. चेलोवरचा खालचा एफ या रेकॉर्डिंगच्या पट्टीत सुमारे 82 हर्ट्झला येतो, व्हिओलोने त्याच्याही एक सप्तक खाली. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर 100 हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. गायकाचा आवाज साधारण 200 ते 600 हर्ट्झच्या पट्ट्यातला, तो व्यवस्थित ऐकू येतो. म्हणजे छप्पर दिसतंय आणि घर गायब. अधांतरी वाटणारच.

तपासायला सोपं आहे. टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, 200 हर्ट्झ लावा, आवाज बेताचा ठेवा आणि हळूहळू 82 पर्यंत खाली आणा. आवाज क्षीण होत नाहीसा झाला किंवा नुसती घरघर उरली तर तो स्पीकर या संगीताला निरुपयोगी. 'बेस बूस्ट' दाबून हे सुटत नाही. जो पडदा 82 हलवूच शकत नाही त्याला जास्त ढकललं की 150 ते 200 चा भाग फुगतो आणि गायकाच्या खालच्या सुरांवर चढतो. साधे तारेचे, कानात घट्ट बसणारे इयरफोन इथे महागड्या छोट्या स्पीकरला हरवतात. घट्ट बसणं महत्त्वाचं, कारण फट राहिली की सगळ्यात आधी खर्जच गळतो.

पट्टीचं: तुमचा कान बरोबर आहे. बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत) वाजवणारे वाद्यवृंद आज बहुधा मधला ए 440 ऐवजी 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे अर्धा सूर खाली. लिहिलेला एफ हार्मोनियमच्या पांढरी तीनला वाजतो. त्याच हिशेबाने जी मायनरमधलं विवाल्डीचंच निसी दोमिनुस काळी तीनला येईल, आणि जर्मन संगीतकार बाखचा डी मेजरमधला कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीची अनेक तुकड्यांची रचना) 170 चक्क काळी एकला. 415 हा आजचा सोयीचा करार आहे. त्या काळी गावागणिक पट्टी वेगळी असे, त्यामुळे सगळी रेकॉर्डिंगं इथेच सापडतील असं समजू नका.

फाइल ठीक आहे. तुकडे नऊ, त्यातले 4, 5, 6 हे 1, 2, 3 च्याच चालीवर, शब्द नवे. मूळ स्तोत्राची कडवी 20, विवाल्डीने पहिली 10 घेतली. चाल परत येते तेव्हा गायक काय बदलतो हे ऐकणं हीच तर गंमत: कुठे हरकत वाढवली, कुठे मुद्दाम साधं ठेवलं. पहिला आणि चौथा तुकडा लागोपाठ लावून पाहा. काही गायक दोन्ही वेळा तेच गातात. तो आळस आहे असं माझं मत.

सातव्या तुकड्यात, 'एया मातेर' मध्ये, खर्जाची वाद्यं गप्प बसतात आणि वर व्हायोलिनचे तुटक फटके राहतात. तिथला पोकळपणा खरा, संगीतकाराने ठेवलेला. तुमच्या स्पीकरवर पहिले सहा तुकडेही तसेच वाजत असतील, तर सातव्यात काही घडलं हे कळणार कसं?

दाल_बाजार

आवाजाबद्दल. 'खोटा आवाज' हा आपल्याकडचा शब्द तंत्राचं वर्णन म्हणून बरोबर, शिवी म्हणून चूक. छातीच्या आवाजात स्वरतंतू पूर्ण जाडीने कंप पावतात. फॉल्सेटोत, म्हणजे या 'खोट्या' आवाजात, ते ताणले जाऊन फक्त कडांनी. त्यामुळे वरचे उपस्वर कमी पडतात आणि नाद बासरीकडे झुकतो. कच्च्या गळ्यात कडा पुरत्या मिटत नाहीत, हवा निसटते, म्हणून फुसफुस येते. तयार काउंटरटेनरचा सूर पहिल्या क्षणापासून मिटलेला असतो. फुसफुस ऐकू आली तर गायक कमी पडतोय किंवा माइक फार जवळ आहे.

खरी परीक्षा खाली होते. यातल्या बऱ्याच गायकांचा बोलण्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी मध्यम जाडीचा, असतो. उतरताना मधल्या पांढरी एकच्या आसपास त्यांना ठरवावं लागतं: फॉल्सेटोतच राहायचं, म्हणजे आवाज पातळ होणार, की छातीत उतरायचं, म्हणजे सांधा दिसण्याची भीती. चांगला गायक तीनचार सुरांवर दोन्ही मिसळत जातो. ऐकताना सगळं लक्ष त्या सांध्यावर ठेवा. वरच्या सुरांवर वाहवा मिळवणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक जागा. लांब सूर घेताना ते बहुधा कंप न देता, सरळ आणि बारीक सुरू करतात, मध्यावर फुगवतात, परत बारीक करून सोडतात. याला मेस्सा दि व्होचे म्हणतात. आपल्या कानाला सुरुवातीचा सरळ सूर कोरडा वाटतो, म्हणून निकाल शेवटी द्या.

बालगंधर्वांशी तुलना मात्र नको. ते स्त्रीभूमिका करत, पण गात स्वतःच्या नैसर्गिक आवाजात. फॉल्सेटोचा संबंध नाही. कास्त्राती हा तिसराच प्रकार, लहानपणी शस्त्रक्रिया करून राखलेला आवाज. त्यातला एकच एकलगायक ध्वनिमुद्रिकांवर उरलाय, अलेस्सांद्रो मोरेस्की, 1902 आणि 1904 ची मुद्रणं. ती ऐकून काउंटरटेनरबद्दल काही ठरवू नये.

'अस्सल बरोक म्हणजे काउंटरटेनर' हेही अर्धसत्य. बाखच्या लाइपझिगमध्ये आल्टो (स्त्री-आवाजाची खालची पट्टी) गाणारे शाळेतली मुलं आणि तरुण. व्हेनिसला विवाल्डी पिएता नावाच्या ज्या अनाथालयात शिकवत असे तिथे गाणाऱ्या वाजवणाऱ्या सगळ्या मुली नि बायका. हेंडेलच्या 'मसाया' या धार्मिक गायनरचनेतली आल्टोची प्रसिद्ध एकलगीतं 1742 साली डब्लिनला सुझाना सिबर या अभिनेत्रीने गायली. तेव्हा स्त्री काँट्राल्टोचं रेकॉर्डिंग जास्त भिडलं तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

मुरार_कॅन्टोन्मेंट

'स' टोचतो ते 5 ते 8 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. स्वस्त इयरफोन तिथेच उंचावलेले असतात, शिवाय फोनमधलं 'व्होकल', 'क्लिअर व्हॉइस', डॉल्बी वगैरे चालू असेल तर आगीत तेल. आधी ते सगळं बंद. तरी टोचलं तर इक्वलायझरमध्ये 6 ते 7 हजारावर 2 डेसिबल कमी करा, 3 च्या पुढे जाऊ नका, नाहीतर व्हायोलिनच्या तातीच्या तारांचा खरखरीत गोडवा जातो.

ॲपमधलं क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा, गॅपलेस (मध्ये खंड न पडता वाजणं) चालू, शफल बंद. आवाज समान करणारी सोय प्रत्येक गाण्याला वेगळी लागू होत असेल तर तीही बंद. ती हळू तुकडा वर ओढते आणि सगळे नऊ एकाच उंचीवर आणून ठेवते. आवाजाची पातळी पहिल्या तुकड्यावर ठरवू नका. शेवटचं आमेन लावा, ते मोकळं पण त्रास न देणारं वाटेल इथे खुंटी ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. मध्ये हात लावायचा नाही.

स्पीकरच वापरायचे असतील तर खोली बघा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत दगडी फरशी आणि उंच छत. रेकॉर्डिंगमध्ये चर्चचा दोनतीन सेकंदांचा घुमारा आधीच आहे, त्यात आपल्या खोलीचा मिसळला की शब्दांचा लगदा होतो. स्पीकर आणि ऐकणारा यांच्यामध्ये जाड सतरंजी, समोरच्या भिंतीवर पडदा, स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे. एवढं पुरतं. राहिला कूलर. तो नेमका खालचाच पट्टा खातो. मे महिन्यात कूलर बंद करा असं सांगणारा माणूस ग्वाल्हेरचा नसणार, म्हणून उन्हाळ्यात पहाटे ऐका किंवा इयरफोन.

जिवाजी_चौक

चाचणी केली. स्पीकर 110 च्या आसपासच संपतो. तारेच्या इयरफोनवर 82 स्वच्छ येतो, आणि पहिल्या तुकड्यात खाली चालणारी ओळ आहे हे आत्ता कळलं. आता दोन प्रश्न: ख्यालाच्या कानाने सुरुवात याच रचनेपासून करावी का, आणि कुणाचं रेकॉर्डिंग घ्यावं?

खर्ज_आधी

सुरुवात बाखच्या कँटाटा 54 पासून करा. तीनच तुकडे, बारा मिनिटांच्या आत-बाहेर. त्याच्या आरंभी खर्ज एकाच षड्जावर ठोके देत राहतो, म्हणजे आपल्या ओळखीची जमीन, आणि वरची वाद्यं पहिल्याच क्षणी त्याच्याशी न जुळणारा स्वरपुंज घासतात. शब्द आहेत 'पापाला विरोध कर', आणि विरोध पहिल्या ठोक्यापासून कानाला कळतो. तिथे घर्षण ओळखता आलं की मग पेर्गोलेझीचं स्ताबात मातेर, 1736 चं. त्यात दोन आवाज आहेत, सोप्रानो आणि आल्टो; ते एकमेकांना चिकटलेले सूर धरून ठेवतात आणि खर्ज पायाखालून चालत जातो. त्यानंतर विवाल्डीकडे परत या.

ऐकायची रीत: पहिल्यांदा फक्त खालची ओळ, गायकाकडे दुर्लक्ष करून. जमलं तर ती गुणगुणा. दुसऱ्यांदा गायक. तिसऱ्यांदा दोघांमधलं अंतर. एका बैठकीला एकच तुकडा पुरे.

रेकॉर्डिंग नावाने शोधू नका, स्ताबात मातेर शेकडो निघतील. आरव्ही 621 किंवा बीडब्ल्यूव्ही 54 (बाखच्या यादीतला कँटाटा 54) असा क्रमांक टाका. आंद्रेआस शोल यांनी दोन्ही गायलंय: विवाल्डी आन्सांब्ल 415 बरोबर (होय, नाव त्या पट्टीवरूनच), बाख हेरेवेगे यांच्या संचालनाखाली. त्यांचा सांधा शोधायला कष्ट पडतात, म्हणून नवख्याला चांगले. आल्फ्रेड डेलर यांचं 54, गुस्ताव लेऑनहार्ट यांच्याबरोबरचं, 1954 सालचं आहे. आवाज हलका, मुद्रण मोनो, पण शब्द टाकण्याची पद्धत त्यांच्याकडून ऐकावी. जेम्स बोमन यांचं हॉगवूड यांच्याबरोबरचं विवाल्डी जास्त भरदार, जवळजवळ तुतारीच्या धातूचं. पोकळपणाची तक्रार असणाऱ्याने ते आधी ऐकलं तरी चालेल.

दाल_बाजार

54 ला माझी हरकत नाही, पण निसी दोमिनुस वगळू नका, आरव्ही 608. त्यातल्या 'ग्लोरिया पात्री' मध्ये आवाजाबरोबर व्हिओला द'अमोरे वाजते. तिच्या गजाच्या तारांखाली तरफा असतात, सारंगी-सरोदला असतात तशाच. ज्यांनी सरोद जवळून ऐकलाय, आणि ग्वाल्हेरात ते अवघड नाही, त्यांना गज उचलल्यावर मागे राहणारी ती आस लगेच ओळखू येईल. इयरफोनवरच ऐका, स्पीकरवर ती आस खोली गिळते.

मुरार_कॅन्टोन्मेंट

शब्दांसाठी एक सोय. स्तोत्राचा साचा अक्षरांचा आहे. मोठ्या अभंगात 6-6-6-4, तसा इथे 8-8-7. स्ता-बात मा-तेर दो-लो-रो-सा, बोटांवर आठ मोजा. एकदा मोजता आलं की लांबवलेल्या सुरात कुठल्या अक्षरावर थांबलाय ते सापडतं. पहिल्या कडव्याचा अर्थ: क्रुसाजवळ आई रडत उभी होती, मुलगा वर लटकत असताना. उच्चार गायकाप्रमाणे बदलतो; इटालियन वळणाने गाणारा 'क्रूचेम' म्हणेल, जर्मन वळणाचा 'क्रूत्सेम'. छापील मजकुराशी जुळत नाही म्हणून फाइल बदलायला जाऊ नका.