मदत हवी आहे: गावच्या मातीच्या धरणाच्या पायथ्यातून गढूळ पाणी येतंय, धरण भरायच्या आत कोणाला गाठावं?

सांजवात:

मंडळी, घाईत लिहितेय, पण जमेल तेवढं सविस्तर सांगते.

मी भांडुपला राहते. माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. गावाचं नाव देत नाही, कारण विषय नाजूक झालाय आणि इथे गावातलेही काही जण वाचतात. गावाच्या वरच्या अंगाला मातीचं छोटं धरण आहे. उंची बारा-तेरा मीटर, लांबी दोनशे मीटरच्या आत. बांधलं शेतीसाठी, पण कालवे कधी धड झालेच नाहीत. आता त्याचा उपयोग एकच, जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) तिन्ही वाड्यांना नळाचं पाणी. ते नसेल तर मार्चपासून टँकर. तेव्हा धरण नको असं गावात कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यात पायथ्याच्या गटारातून नेहमीपेक्षा जास्त पाणी वाहत होतं, पण नितळ. यंदा मृगाच्या सरी बऱ्या झाल्या, धरण अर्ध्यावर आलं आणि चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. गटाराच्या थोडं अलीकडे, बांधाचा उतार जिथे संपतो तिथे, गवतात करंगळीएवढं भोक आहे. त्यातून पाणी बुडबुडत वर येतंय, रंग तांबूस. भोकाभोवती बारीक रेतीचा गोल कंगोरा जमलाय, खेकड्याच्या बिळाभोवती असतो तसा. भावाने तो काठीने मोडला, तर थोड्या वेळात पुन्हा तयार.

तालुक्याच्या एका कार्यालयात सांगितलं, "हे धरण आमच्याकडे हस्तांतरित झालेलं नाही." ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते म्हणाले, "नळपाणी योजना ग्रामपंचायतीची, तिथे विचारा." ग्रामपंचायतीकडे जॅकवेलच्या पंपाची चावी आहे, बांधाचा एक कागदही नाही. धरणातून पाणी सोडायचा व्हॉल्व्ह गंजलाय, फिरत नाही.

दुसरीकडे आमचं मुंबई मंडळ. लालबागला एका सभासदाच्या खोलीत रविवारी मीटिंग आहे. देवळाच्या सभामंडपासाठी जमलेले पैसे तात्पुरते वळवून त्या भोकावर काँक्रीट ओतायचं, असा बहुतेकांचा विचार आहे. मंडळी मनापासून बोलतायत, त्यांचीही माणसं गावात आहेत. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट सांगता येत नाही.

माझी आई खालच्या वाडीत, पऱ्याच्या काठी राहते. फोनवर म्हणते, "काय व्हत नाय गो, एवढी वर्सं झाली." चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावच्या लोकांनीही गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. तिथली भेंदवाडी धरणाच्या पायथ्याला होती. आमची वाडीही पायथ्यालाच आहे.

तर सांगा: हे पाणी खरंच धोक्याचं आहे का? काँक्रीट ओतावं की नाही? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा एवढ्या लहान धरणाला लागू होतो का? आणि जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत थांबायचं नसेल, तर अर्ज नेमका कोणाच्या नावाने करायचा?

अजून एक. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून वरच्या वाडीतल्या लोकांनी दोन वर्षांपासून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, मातीच्या गोण्या रचल्यात. त्याने गळती वाढली असेल का?

ओव्हरसिअर:

ताई, मी लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर नोकरी केली आहे. व्हिडिओ पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण तुम्ही वर्णन केलंय ते हलक्यात घेऊ नका.

मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच. मध्ये काळ्या मातीचा गाभा असतो, बाहेरून मुरुमाचं आवरण. गाभ्यातून जे थोडं पाणी पाझरतं ते पायथ्याच्या गटारात यावं म्हणूनच गटार बांधलेलं असतं. नितळ आणि रोज सारखंच येणारं पाणी असेल तर नोंद ठेवायची, घाबरायचं नाही. पण पाणी गढूळ झालं म्हणजे ते बांधातली किंवा पायातली माती सोबत आणतंय. आत पोकळी तयार होते, ती पाण्याच्या बाजूला सरकत जाते, आणि एकदा ती आरपार गेली की मग हातात तासही उरत नाहीत.

पावसाचं लाल पाणी वरून वाहून तिथे येतंय का, हे आधी तपासा. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले की भोकाच्या तोंडाशी काचेची बाटली भरायची, तारीख-वेळ लिहून स्थिर ठेवायची. तळाशी गाळ बसला तर पाणी आतली माती आणतंय. सकाळ-संध्याकाळ बाटली भरा आणि एक बादली भरायला किती सेकंद लागतात तेही लिहा. गळती वाढतेय की नाही ते त्यातूनच कळेल.

काँक्रीट अजिबात नको. भोक बुजवलं की पाणी थांबत नाही, दाब वाढतो आणि ते बांधात दुसरी, बहुधा जास्त वाईट जागा शोधतं. तिथे करायचं ते उलटं: पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी, वर दगड. याला उलटा फिल्टर म्हणतात. हाही तात्पुरताच उपाय, आणि शक्यतो अभियंता समोर असताना करा.

आता गोण्यांचं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मी असतो तर सगळ्यात आधी लिहिलं असतं. सांडव्याची पातळी ठरवलेली असते ती मोठ्या पुरातही पाणी बांधाच्या माथ्याखाली राहावं म्हणून. गोण्या रचून तुम्ही ती मोकळी उंची खाल्लीत. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा टिकतं. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की माथा कापत जातं. शिवाय जलाशयात पाणी जितकं उंच, तितका त्या भोकावर दाब. गोण्या या आठवड्यात निघाल्या पाहिजेत. सांडव्यातली झुडपंही तोडा. बांधावर मोठी झाडं असतील तर मात्र मुळासकट उपटू नका, आतून खड्डा पडतो.

आणि मातीचं धरण म्हणजे कच्चं धरण असा समज नको. मुंबईच्या विहार तलावाचे बांध मातीचेच, १८६० चे. तिथे बघायला माणूस आहे, म्हणून ते उभे आहेत.

अर्जदार:

कायद्याबद्दल. धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू आहे. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर: माथ्याची लांबी ५०० मीटरहून कमी नसणं, किंवा साठा १० लाख घनमीटरहून कमी नसणं, अशा. तुमचं लांबीत बसत नाही, साठ्यात बसू शकतं. तो आकडा काढा. बसलं तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून घेणं मालक विभागावर बंधनकारक आहे.

मालक कोण, याचा पहिला धागा सिंचनक्षमता. १०० हेक्टरपर्यंतची कामं साधारण जिल्हा परिषदेकडे, त्यावरची राज्याच्या जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. पण ते शोधत बसू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या नावाने अर्ज करा, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेला. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर आजच फोन करून नोंद करायला सांगा.

सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका. जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कलम ७(१) मध्ये आहे. अर्जात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीचे ३० दिवस धरले जातील. कामाची प्रत्यक्ष पाहणी करू देण्याची मागणीही याच कायद्यात करता येते.

पायवाट:

अधिकारी येतील तेव्हा येतील. खालच्या वाडीतल्या प्रत्येक घराचा एक फोन नंबर लिहून काढा, अंथरुणाला खिळलेली माणसं कुठे आहेत ते लिहा, रात्री जायची उंचावरची जागा ठरवा. पोलीस पाटलांना सोबत घ्या. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये कारम धरण गळायला लागलं, तेव्हा खालची गावं आधी रिकामी केली आणि मग बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं. माणसं वाचली.

सांजवात:

सगळ्यांचे मनापासून आभार. ओव्हरसिअर काका, तुमचं काँक्रीटबद्दलचं उत्तर मंडळाच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलंय. दोघांनी फोन करून नीट विचारून घेतलं, आणि रविवारी पैसे वाळू-खडीसाठी आणि व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी मागायचे असं ठरतंय.

बाटलीत गाळ बसला. पाऊस थांबल्यावर भरलेल्या बाटलीतही बसला. १०७७ वर नोंद केली, नंबर मिळाला.

गोण्यांवरून मात्र वाद पेटलाय. वरच्या वाडीचं म्हणणं, "पाणी गेलं तर एप्रिलमध्ये हंडे घेऊन आमच्याच बायका उतरणार." ते खोटं नाही. तेव्हा टँकरचं लेखी आश्वासन त्याच अर्जात मागावं का, की त्याने मुख्य मुद्दा पातळ होईल? अर्जदार, तुम्ही हे सांगाच. आणि काका, गंजलेला व्हॉल्व्ह भरलेल्या धरणात सुटा करता येतो का? सुटला तर पाणी एकदम उतरवायचं की हळूहळू? भाऊ उद्या फिटरला घेऊन जातोय, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.

ओव्हरसिअर:

हळूहळूच. एकदम उतरवलं तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. आणि फिटरला जोर लावू देऊ नका, दांडा तुटला तर तो मार्गच बंद होईल. मला आज रात्री फोटो पाठवा: व्हॉल्व्हचा, सांडव्याचा आणि भोकाचा.